पोट सुटलेलं नाही, तरीही शुगर: चंद्रपूर-गडचिरोलीत मधुमेह ओळखायला उशीर का होतो?

मधुमेही माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा, शहरातला माणूस. जाहिरातींमध्ये तोच असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे सल्लेही त्यालाच उद्देशून असतात: वजन कमी करा, रोज चाला, गोड सोडा.

आता दुसरं चित्र बघा. समजा, सिंदेवाही किंवा धानोरा तालुक्यातली ३८ वर्षांची एक बाई आहे. वजन जेमतेम ४० किलो. पावसाळ्यात दिवसभर बांधीत वाकून धानाची रोवणी आणि मे महिन्यात पहाटेपासून तेंदूपत्ता तोडणी. गेले काही महिने तिला फार तहान लागते, पण ऊनच तसं आहे. थकवा येतो, पण कामही तसंच आहे. वजन उतरतंय, म्हणून घरचे टीबीची शंका घेतात. शुगर असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. ‘तिच्या अंगावर मांस तरी आहे का? तिला कशी होईल शुगर?’

होऊ शकते. आणि ती ओळखण्यात तिचं शरीर जसं फसवतं, तशी कधी कधी रक्ताची तपासणीसुद्धा फसवते. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या जंगलाच्या जिल्ह्यांमध्ये मधुमेहाचा प्रश्न नेमका इथे अडतो.

‘शहरातले आजार’ गावात कधीच पोहोचलेत

गडचिरोली म्हटलं की मलेरिया, कुपोषण, साप आणि बालमृत्यू एवढंच बाहेरच्यांना आठवतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा प्रश्न खरोखर तेच होते. पण याच संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत जिल्ह्यातल्या ८६ गावांमधल्या प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली. या गावांची लोकसंख्या साधारण ९४ हजार. घरोघरी जाऊन नातेवाइकांना लक्षणं विचारायची आणि त्यावरून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवायचं, अशी ती पद्धत होती.

एकूण १५९९ मृत्यूंमध्ये सर्वांत मोठं कारण निघालं पक्षाघात, म्हणजे लोक ज्याला लकवा म्हणतात तो. २२९ मृत्यू, म्हणजे दर सातांतला एक. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातला आणखी एक आकडा जास्त अस्वस्थ करणारा आहे: लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांचा मृत्यू घरीच झाला.

लकव्याचं सगळ्यांत मोठं कारण उच्च रक्तदाब. मधुमेह असेल तर तो धोका साधारण दुप्पट होतो. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये देशातल्या आदिवासींच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यातही चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे कुपोषण आणि मलेरिया गेले आणि मग हे आजार आले, असं घडलेलं नाही. जुने आजार मुक्कामाला असतानाच नवे येऊन बसले.

मधुमेहापुरतं बोलायचं तर ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीकडे बघावं लागतं. २०११ मध्ये तिच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष आले, तेव्हा महाराष्ट्राच्या शहरी भागात १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह होता. २०२३ मध्ये पूर्ण देशाचं चित्र आलं: ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. उंबरठ्यावर म्हणजे साखर नेहमीपेक्षा जास्त, पण अजून मधुमेहाच्या रेषेखाली. या पाहणीत मागास राज्यांमध्ये मधुमेहींपेक्षा उंबरठ्यावरचे लोक जास्त सापडले. लाट तिथे अजून यायची आहे, असा त्याचा अर्थ.

इथे चंद्रपूर आणि गडचिरोली यांत थोडा फरक करायला हवा. चंद्रपूर-बल्लारपूरच्या पट्ट्यात कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने आणि पेपर मिल आहे. पगार, मोटारसायकल, रात्रपाळी आणि नाक्यावरचा नाश्ता यांतून येणारा मधुमेह तिथे आहेच आणि तो पुण्या-नागपुरातल्यासारखाच दिसतो. न ओळखता येणारा मधुमेह आहे तो मूल, सिंदेवाही, नागभीडच्या धानपट्ट्यात आणि पुढे गडचिरोलीच्या जंगलात.

बारीक माणसाला शुगर होते कशी?

याचं उत्तर शोधण्यात महाराष्ट्रातल्या गावांचाच मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गर्भवती बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे आपली बाळं बारीक. पण नीट मोजल्यावर दिसलं की कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी जपून ठेवणारं बाळ.

याच गोष्टीचं मोठ्या माणसांतलं उदाहरण तर मजेशीर आहे. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. दोघांच्या शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. तेव्हापासून वजनकाट्यावर भरवसा ठेवणाऱ्या डॉक्टरांना हे उदाहरण सांगितलं जातं.

यामागची कल्पना साधी आहे. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की गर्भ मेंदू वाचवतो आणि बाकीच्या अवयवांवर काटकसर करतो. स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन तयार करणारा अवयव, त्या काटकसरीत सापडतो. साखर खेचून घेणारे स्नायूही कमी राहतात. पुढे आयुष्यभर खायला कमीच मिळालं तर असं शरीर कसंबसं निभावून नेतं. पण पोटभर भात मिळू लागला आणि अंगमेहनत थोडी जरी घटली, तरी अपुरं स्वादुपिंड कमी पडतं. शहरातल्या माणसाला ज्या वजनावर काहीच होत नाही, त्याहून कितीतरी कमी वजनावर इथे साखर चढते.

आता गडचिरोलीचा एक जुना आकडा आठवून बघा. ‘सर्च’ने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या नवजात बाळांची घरोघर नोंद केली होती. त्यात ४२ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, ती याच कामातून उभी राहिली. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात, त्याचं मूळही तिथेच आहे.

त्या वर्षी जन्मलेली आणि जगलेली मुलं आज तिशीला आली आहेत. आणि मधुमेहाची सरकारी तपासणी सुरू होते तीही तिसाव्या वर्षापासूनच.

‘टाइप ५’ म्हणजे काय?

टाइप १ आणि टाइप २ बहुतेकांनी ऐकलेले असतात. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने टाइप ५ या नावाला मान्यता दिली. हा कुपोषणातून येणारा मधुमेह.

खरं तर तो नवा नाही. १९५५ मध्ये जमैकात असे रुग्ण पहिल्यांदा नोंदवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वेगळा प्रकार मानलं आणि पुरावा अपुरा म्हणून १९९९ मध्ये यादीतून काढूनही टाकलं. गरिबांचा आजार कागदावरून असा पुसला गेला आणि पाव शतक त्यावर फारसं काम झालं नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला. जगात असे दोन ते अडीच कोटी रुग्ण असावेत, असा अंदाज आहे.

रुग्ण बहुधा तरुण, फार बारीक आणि लहानपणी उपासमार सोसलेला असतो. त्याचं शरीर इन्सुलिन बनवतं, पण फार कमी. टाइप २ सारखा इन्सुलिनला दाद न देण्याचा प्रकार त्याच्यात ठळक नसतो. टाइप १ सारखं त्याचं इन्सुलिन पूर्ण आटलेलंही नसतं.

नावाचा घोळ डॉक्टरांपुरता राहिला असता तर बिघडलं नसतं. पण उपचार बदलतो. अशा माणसाला टाइप १ समजून इन्सुलिनचे मोठे डोस दिले, तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते. घरात दोन वेळच्या जेवणाची खात्री नसेल तर जास्तच. आणि त्याला टाइप २ समजून ‘वजन कमी करा, कमी खा’ सांगितलं तर? ज्याला खायला न मिळाल्याने आजार झाला त्यालाच उपाशी ठेवण्याचा तो सल्ला होतो.

अर्थात, प्रत्येक बारीक मधुमेही टाइप ५ चा नसतो. बहुतेकांना टाइप २ च असतो, फक्त बारीक शरीरातला. टाइप ५ चे निकष काय असावेत यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. घरबसल्या ठरवण्यासारखी ही गोष्ट नाही.

तपासणी खोटं बोलू शकते

‘तीन महिन्यांची साखर’ सांगणारी एचबीए१सी ही तपासणी आता तालुक्याच्या लॅबमध्येही होते. उपाशी राहायला लागत नाही, एकदाच रक्त द्यायचं, म्हणून ती सोयीची. साडेसहा किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह.

ती काम कशी करते? लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती चिकटली ते मोजलं की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पेशी पूर्ण आयुष्य जगली आणि हिमोग्लोबिन नेहमीचं आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत हेच गृहीत धरता येत नाही, कारण इथे सिकलसेल आहे. महाराष्ट्रातल्या आदिवासींच्या अभ्यासांत माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा काही समाजांत २० ते ३५ टक्के लोकांमध्ये सिकलसेलचा अंश आढळला होता. आणि सिकलसेलच्या रुग्णांची संख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांमध्ये गडचिरोली आणि चंद्रपूर दोन्ही येतात.

पूर्ण सिकलसेल आजार असलेल्या माणसाच्या लाल पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसच जगतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. रक्तात साखर भरपूर असूनही रिपोर्ट छान येतो. ज्याच्यात फक्त अंश आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याच्यात फरक कमी पडतो, पण पडतो. अमेरिकेत ४६२० कृष्णवर्णीय लोकांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साखर सारखीच असताना वाहकांचा एचबीए१सी सरासरी ५.७२ आणि इतरांचा ६.०१ आला. ०.३ चा फरक किरकोळ वाटतो, पण रेषेजवळच्या माणसाला तो ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून घरी पाठवू शकतो. काही यंत्रं तर वेगळं हिमोग्लोबिन दिसलं की चुकीचाच आकडा देतात.

दुसरी बाजूही आहे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हाच आकडा उगीच वाढलेला येऊ शकतो आणि बायकांमध्ये अशी रक्तक्षयाची अडचण घरोघरी आहे. म्हणजे एकाच गावात, एकाच तपासणीने एकाचा मधुमेह लपवायचा आणि दुसरीला नसलेला मधुमेह चिकटवायचा, असं होऊ शकतं.

उपाय महाग नाही. जुनी, थेट साखर मोजणारी तपासणी. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त. हे आकडे लाल पेशी किती दिवस जगल्या यावर अवलंबून नसतात. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे आणि कार्डही मिळतात. ते कार्ड असेल तर साखर तपासताना दाखवायला हवं. ‘मी वाहक आहे, मला एचबीए१सीवर सोडू नका’ एवढं सांगितलं तरी पुरे.

फॉर्ममध्ये कंबर मोजतात, पण…

मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांमध्ये गडचिरोली-चंद्रपूर होते. आता आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल आणि घरात कुणाला आजार आहे का, यांना गुण असतात. चारच्या वर गुण गेले तर त्या माणसाला तपासणीसाठी आधी आणायचं.

सुरुवातीची ती बाई आठवा. वय ३८: एक गुण. बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत: शून्य. दिवसभर कष्ट: शून्य. घरात कुणाला शुगर? कधी तपासलंच नाही, त्यामुळे ‘नाही’: शून्य. ती रोज खर्रा खाते असं धरलं तरी आणखी दोन. एकूण तीन. फॉर्मच्या हिशेबाने तिची घाई नाही.

यात आशाताईंची चूक नाही. नियमाप्रमाणे गुण कितीही असोत, तिशीपुढच्या सगळ्यांची साखर तपासायचीच असते. गुण फक्त क्रम लावण्यासाठी आहेत. पण पाडे लांब, हात कमी, तेव्हा क्रमात मागे पडलेला माणूस मागेच राहतो. बारीक माणसानेच ‘माझी पण शुगर बघा’ म्हणून बोट पुढे करावं, एवढं तरी गावात पसरायला हवं. बोटाला टोचून केलेल्या तपासणीत कुठल्याही वेळी साखर १४० च्या वर आली तर पुढची तपासणी करायची असते.

गर्भवती बाईची गोष्ट आणखी महत्त्वाची. सरकारी सूचनेप्रमाणे प्रत्येक गर्भवतीला पहिल्या भेटीत आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर बघायची असते. ती १४० किंवा जास्त आली तर उपचार सुरू. बाळाचं स्वादुपिंड तिथेच घडत असतं.

निदान झालं, पुढे काय?

मेटफॉर्मिनसारखी साधी गोळी स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. गोळी महिन्याला संपते, अडचण तिथे येते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जून ते सप्टेंबर या काळात रुग्णाच्या हातात दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं हाच तिथे शहाणपणाचा मार्ग.

इन्सुलिन लागणाऱ्यांचं संकट उन्हाळ्यात. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली साधारण ३० अंशांच्या आत चार आठवडे टिकते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. घरात फ्रिज नसेल, किंवा असून वीज नसेल, तर मातीच्या दोन भांड्यांची युक्ती कामाला येते: मोठ्या भांड्यात लहान भांडं, मधल्या जागेत ओली वाळू, वरून ओलं फडकं आणि सगळं सावलीत. कुपी पिशवीत बांधून आतल्या भांड्यात ठेवायची. फ्रिजइतकं गार होत नाही, पण पत्र्याच्या घरातल्या फळीपेक्षा कितीतरी बरं.

जेवणाचा प्रश्न अवघड आहे. भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिठूळ-गोड पदार्थांतून येते, असं इंडियाब पाहणीने २०२५ मध्ये सांगितलं. झाडीपट्टीत त्याचा अर्थ भात. कोदो-कुटकी मागे पडली आणि रेशनच्या तांदळाने ताट भरलं. या तांदळाने भूक हटवली, हेही तितकंच खरं. त्यामुळे ‘भात सोडा’ हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. भाताचा ढीग थोडा कमी करून शेजारी बरबटी, हरभरा, अंडं, तलावातले मासे आणि रानभाज्या वाढवणं जमण्यासारखं आहे. बारीक रुग्णाने वजन घटवायचं नसतं, उलट स्नायू वाढवायचे असतात.

आणि पाय. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की तळव्यांची संवेदना जाते. अनवाणी बांधीत उतरणाऱ्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही, चिखलात जखम चिघळते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोट काढायची वेळ येते. संध्याकाळी पाय धुतल्यावर उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या पोराला बघायला सांगायचं. जखम असेल आणि दुखत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठायचा.